माहेरची पाच सुपं

माझा पहिला ओवसा चार वर्षं व्हायचा राहिला होता. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे सांगायचं तर आधी ओवसा म्हणजे काय ते सांगावं लागतं. आमच्या कोकणात गणपतीत गवर येते. लग्न झालेल्या मुलीने तिच्यापुढे पाच सुपं ओवसायची. सुपात नारळ, काकडी, चिबूड, सुपारी, खण, बांगड्या, हळदीची पानं, आणि सुपाला पाच पदरी सूत गुंडाळलेलं. एकेक सूप दोन्ही हातांनी उचलून गवरीसमोर पाच वेळा खालीवर करायचं, आणि मग ते सासूला, घरातल्या थोरांना वाण म्हणून द्यायचं. दिसायला एवढंच. पण पहिल्या ओवशाची सुपं माहेरहून यावी लागतात. भावाने डोक्यावरून आणायची असतात.

आणि तो वाटेल त्या वर्षी होत नाही. पावसाची नक्षत्रं असतात ना, मघा, पूर्वा, उत्तरा, त्यातल्या पूर्वात गवर आली तरच नव्या सुनेचा पहिला ओवसा घेतात. मघात आली, उत्तरात आली, की थांबा. आमच्या चाळीत नवीन कॅलेंडर आलं की बायका आधी सुट्ट्या बघत नाहीत, गवर कशात आहे ते बघतात.

ओवसा होईपर्यंत, निदान माझ्या सासरच्या रीतीप्रमाणे, नवी सून गवरीला कुंकू लावत नाही. तिने घर सारखं करावं, वडे तळावेत, वाटण वाटावं, पण पूजेच्या वेळी उंबऱ्याबाहेर उभं राहावं. गावात उंबऱ्याबाहेर पडवी असते. पडवीत उभं राहिलेलं माणूस कुणाच्या डोळ्यावर येत नाही. लालबागला आमची खोली दहा बाय बारा, आणि उंबऱ्याबाहेर म्हणजे गॅलरी, म्हणजे सगळ्या मजल्यासमोर. येणाराजाणारा बघतो आणि काही न बोलता पुढे जातो. न बोलणारे जास्त लागायचे मला.

मी चिपळूणच्या आतल्या गावची. सातवी झाले आणि शाळा सुटली. आठवीचा वर्ग खाडीपलीकडे होता, वडील नव्हते, आणि आईचे गुडघे धरलेले. शाळा सुटली तेव्हा खरं सांगायचं तर सुटकाच वाटली, कारण मला वर्गात उभं करून विचारलं की घाम फुटायचा. वाईट नंतर वाटायला लागलं, आणि ते अजून वाटतंय. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा रस्ता ओलांडायला अर्धा तास लागायचा. सासूबाई माझा हात धरून नेत. बँकेच्या फॉर्मवर सही कुठे करायची, दवाखान्यात नंबर कसा लावायचा, परळच्या पोळीभाजी केंद्रात काम मागायला गेले तेव्हा काय बोलायचं, सगळं त्यांनी शिकवलं. शिक्षणावरून एकदाही टोमणा नाही. माझ्या बरोबरीच्या सुनांच्या गोष्टी ऐकल्या की मी मनात हात जोडायची. अजून जोडते. ही गोष्ट सांगताना ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं वाचून कुणी त्यांना बोल लावेल.

पहिल्या वर्षी गवर उत्तरात होती. दुसऱ्या वर्षी पूर्वात आली, पण ज्येष्ठात माझी आई गेली. फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. मी पोचले तोवर अंगण सारवून झालं होतं. त्या वर्षी माहेरी सण नाही, म्हणून सुपं नाहीत. तिसऱ्या वर्षी पुन्हा उत्तरा. मी गॅलरीत उभी राहिले आणि मोजत बसले, पुढच्या वर्षी पूर्वा, पुढच्या वर्षी पूर्वा.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास दादाने बोलावलं. आमच्यात तो एकच मोठा भाऊ. म्हणाला, सातबाऱ्यावर आईच्या जागी आपली दोघांची नावं लागलीत, तुझं कमी करायचंय, नुसत्या कागदापुरतं. घर काय तुझंच आहे, येजा कर. मी सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ओवसा होऊ दे आधी. मग सही कर."

मला त्यांचा राग आला. इतक्या वर्षांत एवढा एकदाच. भाऊ आहे तो, त्याच्याशी असा हिशोब कसा करायचा, असं मी यांना रात्रभर सांगत राहिले. हे म्हणजे माझे मिस्टर. ज्या गिरणीत सासरे साच्यावर कामाला होते, तिथे आता उभ्या असलेल्या टॉवरमध्ये हे लिफ्ट चालवतात. गरीब माणूस. म्हणाले, तुझं माहेर, तू ठरव.

तालुक्याच्या कचेरीत गेलो. अंगठा, फोटो, सह्या. तिथल्या साहेबाने विचारलं, वाचलंत का, समजलं का. मी मान हलवली. चार पानं होती, पहिलं पान मी अर्ध्यापर्यंत वाचलं होतं. त्यानंतर दादाने आम्हाला वडा-उसळ खाऊ घातली, एसटीत जागा धरून दिली, आणि खिडकीतून म्हणाला, "पुढच्या गवरीला मीच येतो बघ सुपं घेऊन. लालबागच्या गर्दीतनं, डोक्यावरनं. पोलिसांनी अडवलं तर सांगीन, व्हीआयपी पास आहे, बहिणीची सुपं आहेत."

मी माणगावपर्यंत हसत होते. तो तेव्हा खोटं बोलत होता असं मला अजून वाटत नाही.

दिवाळीनंतर गावच्या एका बाईकडून कळलं की घर विकलं. दादा तालुक्याला फ्लॅटमध्ये राहायला गेला. मला सांगायची त्याला गरज नव्हती, सही झालेली होती. मी फोन केला तेव्हा म्हणाला, अगं मोडकळीस आलेलं, कोण बघणार. बरोबरच होतं. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मला विचारायचं सुचलं, की मग माहेरची गवर कुठे बसणार. पण त्यासाठी परत फोन करायचा धीर झाला नाही.

गणपतीच्या आठ दिवस आधी केला. यंदा पूर्वात आहे, एवढंच सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता. तो म्हणाला, "येतो बघू." त्यातला "बघू" मी काढून टाकला आणि सासूबाईंना सांगितलं, दादा येतो म्हणालाय.

आमच्याकडची गवर गॅलरीच्या टोकाच्या नळावरून येते. गावात ती नदीवरून आणतात, इथे नदी कुठली. आदल्या दिवशी मजल्यावरच्या पोरींनी गाणी म्हणत तेरड्याची जुडी आणली, सासूबाईंनी तिला साडी नेसवली, मुखवटा बसवला. पूजेच्या दिवशी सकाळपासून खोलीत मटणाचा वास. आमच्यात गवरीला तिखटाचा नैवेद्य असतो, आणि गणपतीला तो चालत नाही, म्हणून मायलेकात पडदा ओढतात. पडद्याच्या इकडे गवर, तिकडे गणपती, आणि उरलेल्या जागेत स्टोव्ह आणि आम्ही.

दादाचा फोन सकाळपासून बंद होता. आठला बंद, साडेआठला बंद. नऊ वाजता समोरच्या खोलीतल्या काकी आल्या. काकी गुहागरच्या, सासूबाईंची चाळीस वर्षांची मैत्रीण. दारातूनच विचारलं, "निघाला का गो भाऊ?"

माहीत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. बाहेर आलं ते वेगळंच. म्हटलं, हो, पहाटेच निघाला, माणगावला आहे.

एकदा माणगावला आणल्यावर त्याला तिथे कसं ठेवणार? अकराला पुन्हा काकींनी विचारलं. मी म्हटलं, वडखळला अडकलाय, ट्रॅफिक फार आहे. "आज?" म्हणाल्या. मग लगेच म्हणाल्या, "असंल, असंल," आणि गेल्या. मला वाटलं, पचलं.

मग मजला कामाला लागला. कुणीतरी जिन्याच्या खाली रांगोळी घातली. शेजारच्या वहिनींनी जिन्यावरचे कोल्ड्रिंकचे क्रेट आत घेतले, वाट मोकळी हवी म्हणून. पाय धुवायला तांब्या, गूळपाणी, बसायला सतरंजी, सगळं गॅलरीत मांडून झालं. कडेच्या खोलीतली एक आजी म्हणाली, जिना अरुंद आहे, भाऊ अंगाने जाडा असेल तर सुपं आधी चढवा, भाऊ मागनं ओढून घेऊ. सगळ्या हसल्या. मीही हसले.

एक वाजता मी त्याला पनवेलला आणला. हे अर्धी रजा टाकून आले होते. जेवताना म्हणाले, त्याला लोकेशन पाठवायला सांग, कळेल तरी. मी म्हटलं, बॅटरी गेलीय त्याची. मग तुला पनवेल कसं कळलं, असं यांनी साधेपणाने विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या फोनवरनं केला होता. सासूबाई वडे थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, पण मला त्यांच्या पाठीकडे बघवेना.

त्यानंतर मानखुर्द. त्यानंतर चेंबूर. मी मोरीत जाऊन फोन लावायची, तीच बाई सांगायची की आपण डायल केलेला नंबर बंद आहे, आणि मी बाहेर येऊन म्हणायची, शीवला आला. मला वाटतं, त्या दिवशी मी त्याला जेवढं जवळ आणलं तेवढा तो लग्नानंतर कधी नव्हता. रस्ता मला पाठ होता. कुठल्या वळणावर तो सुपं एका हातातून दुसऱ्या हातात घेईल, कुठे कपाळाचा घाम पुसेल, मला दिसत होतं. एकदा तर मी खरंच गॅलरीतून वाकून बघितलं.

तीन वाजता मी म्हटलं, दादरला आलाय.

हे उठले आणि पायांत चपला घातल्या. म्हणाले, मी जातो पुढे परळ डेपोला, पाच सुपं घेऊन तो एकटा या गर्दीतनं यायचा कसा, सगळे रस्ते दोरीने बांधलेत. मी म्हटलं, राहू द्या, येईल आपला आपण. "अगं, पहिल्यांदा येतोय तो माझ्या दारात," असं म्हणून हे जिना उतरून गेले. पूर्वी मी पुष्कळदा घाबरले आहे. पण माझ्या एका शब्दावर एक भला माणूस, नसलेल्या माणसाला आणायला भर उन्हात गेला, तेव्हा जी भीती वाटली तिला दुसरं नाव असेल तर मला ते माहीत नाही.

मला खोलीत राहवेना. पुलावरून बघते म्हणून मीही निघाले. दर्शनाची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. शिट्ट्या, ढोल, पाण्याच्या बाटल्या विकणारे, कडेवरची पोरं. चिंचपोकळीच्या पुलावर चढून मी कठड्याशी उभी राहिले. कशाची वाट बघत होते ते माझं मलाही कळत नव्हतं. दादरपर्यंत तर त्याला मीच आणलं होतं.

आणि मला सुपं दिसली. लाल फडक्यात बांधलेली चळत, डोक्यावर, गर्दीच्या वर तरंगत येणारी. खाली पांढरा शर्ट. हा माणूस बुटका होता, दादा उंच आहे. तो दादा नाही हे मला पहिल्याच नजरेत कळलं. तरी मी पूल उतरून त्याच्या मागे चालत गेले. दोन गल्ल्या. तो एका चाळीखाली थांबला, वरच्या गॅलरीतून कुठल्यातरी बाईने "आला गो, आला" अशी हाक दिली, आणि मजल्यावर पायांचा धडधडाट झाला. नवी सून असावी, तिला मागच्या बायका पुढे ढकलत होत्या. त्या माणसाने मान ताठ ठेवून वर बघायचा प्रयत्न केला आणि सुपं कलली, तशा सगळ्या ओरडल्या. मी समोरच्या दुकानाच्या पायरीला टेकून ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग परत आले.

पाच वाजता हे आले. एकटे. गॅलरीत बायका उभ्या होत्या. यांनी तांब्यातलं पाणी प्यायलं, जे दादाचे पाय धुवायला ठेवलं होतं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की दोन गाड्या बघितल्या कोकणच्या, दोन्ही जवळजवळ मोकळ्या. कंडक्टरने यांना वेड्यात काढलं. म्हणाला, आज तिकडनं कोण येतंय? सगळे तिकडे गेलेत, उद्या विसर्जन झालं की मग उलटतील. यांना त्यात काही वाटलं नाही, यांनी आपलं झालं ते सांगितलं.

कडेच्या आजीने गुळाची वाटी उचलून आत नेली, मुंग्या लागतील म्हणून. मग एकेक बाई काहीतरी काम आठवल्यासारखी आपल्या खोलीत गेली.

सासूबाईंनी मला आत बोलावलं. मी उंबऱ्याशी थांबले तर म्हणाल्या, ये गं आत. मी म्हटलं, आई, तो. पुढचं वाक्य मला येईना. त्यांनी हात पुसले आणि अगदी हळू म्हणाल्या, "वडखळला ट्रॅफिक. गवरीच्या दिवशी. मुंबईकडं येताना. बाय, चाळीस वर्षं त्या रस्त्यानं जातेय मी."

तेव्हा मला समजलं. गवरीच्या दिवशी कोकणातून मुंबईकडचा रस्ता ओस असतो. आख्खी मुंबई तिकडे गेलेली असते. मी ज्या ज्या वेळी त्या रस्त्यावर अडकले होते ती मुंबईहून गावी जाताना. आमच्या मजल्यावर कोकणातली नाही अशी एक खोली नाही. काकींना सकाळी वडखळचं ऐकतानाच कळलं होतं. जिच्या तोंडून "जाडा असेल तर" निघालं तिला कळलं होतं. रांगोळी घालणारीला कळलं होतं. सगळ्यांनी दिवसभर माझ्याबरोबर त्याची वाट पाहिली.

मी विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू आणत होतीस त्याला," त्या म्हणाल्या. "कुठपर्यंत आणतेस ते बघत होते."

मग त्यांनी यांना पोटमाळ्यावरून गाठोडं काढायला सांगितलं. गाठोड्यात पाच सुपं होती, कोरी, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. परवा दादरला फुलं आणायला गेल्या होत्या तेव्हाच आणलेली. म्हणजे परवाच त्यांना माहीत होतं. कदाचित मी सही करून आले तेव्हापासून. एका शब्दाने त्यांनी ते दाखवलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. काकी चिबूड घेऊन आल्या, त्यांच्या गावाहून कुणाबरोबर आलेलं. शेजारच्या वहिनींनी नारळ आणले, एकीने बांगड्या. पाच मिनिटांत पाच सुपं भरली. इतक्या लवकर भरली की कुणी काय आणायचं तेही ठरलेलं असणार.

"दिवे लागायच्या आत आटप," सासूबाई म्हणाल्या. "सुपं माहेरची. मी म्हणते, मजला म्हणतो. गवर काय गावाला विचारायला जात नाय."

मला नको होतं. त्या घटकेला का नको ते सांगता आलं नसतं, नुसता छातीत एक नकार बसला होता, दगडासारखा. आणखी एक पूर्वा जाऊ द्या, मी उभी राहते ना गॅलरीत, मला सवय झालीय, असं काहीतरी मला म्हणायचं होतं. पण काकी चिबूड घेऊन उभ्या होत्या. हे मोरीत पाय धूत होते, दोन तास डेपोत उभे राहिलेले. इतके हात आपल्यासाठी पुढे आलेत आणि आपण नको म्हणायचं, हे मला जन्मात जमलेलं नाही.

पडदा नीट केला. मी पदर घेऊन बसले. आमच्यात रीत आहे, सासू विचारते, कुणाचा ओवसा. त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा खणखणीत, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा.

मी म्हटलं, "माहेरचा."

पाच सुपं, पाच-पाच वेळा. आमच्या गावचा बुरूड सुपाची कड वेताने बांधतो. ह्यांची तारेने बांधलेली होती आणि एक टोक वर आलेलं, ते प्रत्येक वेळी अंगठ्याला टोचत होतं. झाल्यावर मी पहिलं सूप सासूबाईंच्या पदरात घातलं आणि पाया पडले. त्यांनी मला उठवून गवरीसमोर नेलं आणि कुंकवाचा करंडा हातात दिला. चार वर्षांत मी गवरीचं तोंड इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मुखवट्याचा रंग नाकापाशी उडाला होता, खाली लाकूड दिसत होतं. मी कुंकू लावलं. मला वाटलं होतं, त्या वेळी काहीतरी वाटेल.

जेवताना कुणीतरी वाढता वाढता म्हणालं, सुपं छान आहेत हो माहेरची. दुसरीने विचारलं, भावाला जेवायला नाही थांबवलंस? मीच उत्तर दिलं, त्याच्या घरी गणपती आहेत ना, लगेच गेला. खरंच की, असं म्हणून तिने माझ्या पानात आणखी एक वडा वाढला. तेवढा वेळ तो येऊन गेला होता, आम्हा सगळ्या बायकांच्या लेखी.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं, आणि रिकाम्या चौरंगाखालचे तांदूळ गोळा करताना माझ्या डोक्यात ते नीट आलं. आमच्याकडे माहेरची सुपं एकदाच. पहिला ओवसा झाला की पुढच्या वर्षापासून सासरचंच एक सूप, आणि त्याला पूर्वाही लागत नाही, उत्तराही नाही. भावाने यायचं असं एकच काम शिल्लक होतं. आईचं घर नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, राखी पोस्टाने जाते. पण पूर्वात गवर आली की त्याने यायला हवं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. यंदा नाही आला तर पुढच्या वेळी त्याला यावं लागलं असतं. तोवर मी गॅलरीत उभी राहिले असते. मला लोकांनी बघितलं असतं. पण कुणाची तरी वाट बघत उभी आहे म्हणून बघितलं असतं. ते सगळं सासूबाईंनी मायेने मिटवून टाकलं. त्यांनी माझी लाज राखली. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. म्हणून तर कुणाजवळ रडता येत नाही.

पंधरा दिवसांनी दादाचा फोन आला. आपण होऊन, वर्षातून पहिल्यांदा. गावचं कुणीतरी मुंबईहून परत गेलं होतं आणि त्याने सांगितलं होतं की तुझ्या बहिणीचा ओवसा थाटात झाला. दादाचा आवाज मोकळा होता, मुलाचा अभ्यास, बायकोची कंबर, सगळं बोलला. त्या दिवशी फोन बिघडला होता, म्हणाला. मी म्हटलं, असतो कधी कधी बिघडत. मग त्याने विचारलं,

"झाला ना गो ओवसा? म्हणजे आता काय राह्यलं नाय ना माझ्याकडनं?"

नाही झाला, असं म्हणायचं होतं. एवढंच. ती सुपं दादरची होती, ती धरायची नाहीत, पुढच्या पूर्वाला तू ये. गवरीच्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत इतकं खोटं बोलले होते, आणि हे तर खरं होतं. तो आला नसता कदाचित. पण यायचं राहिलंय, एवढं त्याच्या डोक्यावर राहिलं असतं.

सासूबाई समोर बसून लसूण सोलत होत्या. फोनवर दादा आहे म्हटल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला होता, मला नीट ऐकू यावं म्हणून.

मी म्हटलं, "झाला. छान झाला."